घोसाळ्याचं गाळण

ज्या माणसाने एकतीस वर्षं कुठलीही वस्तू कुजू नये म्हणून नोकरी केली, त्याने कुजणारी वस्तू बनवायला घेऊ नये. हे मला आता कळतंय. तेव्हा कळलं असतं तर त्या संध्याकाळी मी मुकाट्याने चहा पिऊन उठलो असतो. पण गप्प बसणं हा माझा पिंडच नाही, आणि त्या दिवशी बिस्किटं कुरकुरीत निघाल्यामुळे अंगात जरा जास्तच उत्साह होता.

मी एका मोठ्या कार्यालयाच्या तळघरात अभिलेखपाल आहे. म्हणजे जुने कागद सांभाळतो. लोकांना वाटतं, हे झोपाळू काम असणार. आहेच. दुपारी दोनच्या सुमाराला वरच्या झरोक्यातून उन्हाची एक तिरीप आत येते, तिच्यात धुळीचे कण सावकाश वर-खाली करत राहतात, आणि ते बघत बसलं की एकदम साडेतीन वाजतात. पण त्या झोपेतसुद्धा माझं युद्ध चालू असतं. वाळवी, कसर, बुरशी आणि ओल हे माझे चार शत्रू. त्यांनी मला एकदाही हरवलेलं नाही, हे मी नम्रपणे सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझी बायको लहान मुलांची शाळा चालवते. सगळी गल्ली तिला ‘बाई’ म्हणते, म्हणून मीही बाईच म्हणतो. आमच्या मागच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तळमजल्याच्या दोन खोल्या, चौतीस मुलं, एकोणीस वर्षं. मुलांच्या आया सकाळी कामाला जाताना मुलं बाईंच्या हातात देतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. या वयाची मुलं घेणारी दुसरी शाळा दोन बस बदलून आहे.

तर त्या संध्याकाळी बाईंनी एक नोटीस टेबलावर ठेवली. नोटिशीत दोनच मुद्दे होते. एक, शाळेत मुलांना दिलं जाणारं पाणी गढूळ आहे, ते स्वच्छ करावं. दोन, शाळा पाणी गाळायला जी प्लास्टिकची कार्ट्रिजं वापरते ती कचऱ्यात टाकायला नव्या नियमाने बंदी आहे, ती टाकू नयेत. थोडक्यात, पाणी गाळा पण गाळण टाकू नका. पाच महिन्यांत दोन्ही जमलं नाही तर शाळेची परवानगी रद्द समजावी.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “आता ही पोरं जाणार कुठे हो?”

इथे मी बोललो. काही महिन्यांपूर्वी एक जुनं मासिक माझ्याकडे जपायला आलं होतं. त्यात झाडापानांपासून केलेल्या गाळणीबद्दल चार पानं होती. वापरा, मग मातीत पुरा, मातीच होते. त्यातली दीड पानं मी वाचली होती. उरलेल्या अडीच पानांच्या वेळी साडेतीन वाजले.

“एवढंच ना?” मी म्हणालो. “मी करतो.”

“अहो, तुम्ही दाराची कडी दुरुस्त केलीत तेव्हापासून आपण मागच्या दाराने ये-जा करतोय,” बाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं.

आमच्या इमारतीत सल्ल्याला तोटा नाही. खालच्या मजल्यावर ओव्हरसियर राहतात. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण देखरेख सुटलेली नाही. जिन्यात कोणी हातात पिशवी घेऊन दिसला की ते आधी पिशवीत बघतात, मग माणसाकडे. आणि वर राहतात त्या वरच्या काकू. गच्चीवर त्यांचा घोसाळ्याचा वेल आहे. तो कठड्यावरून उतरून आता आमच्या खिडकीत डोकावतो, आणि काकूही साधारण तेच करतात.

“घोसाळी वाळवा,” काकू म्हणाल्या. “आतमध्ये अशी जाळी असते की माशी शिरायची नाही.”

“पाण्यात माशा नाहीत, काकू. माती आहे.”

“मातीही शिरायची नाही,” काकूंनी ठणकावून सांगितलं.

मी घोसाळी वाळवली. साल सोलून, बिया झटकून आतलं जाळं हातात घेतलं आणि खरं सांगतो, मी हरवून गेलो. पांढरट, हलकं, धाग्यात धागा गुंतलेलं, आणि कुठे गाठ म्हणून नाही. ते डोळ्यांसमोर धरून आकाशाकडे बघितलं की आकाश चाळून घेतल्यासारखं दिसायचं. गच्चीवर दोऱ्या बांधून मी चाळीस घोसाळी टांगली आणि त्यांच्याखाली चटई टाकून पडलो. वारा आला की ती एकमेकांना हळूच घासायची, खसखस आवाज यायचा, आणि मला वाटायचं की सगळं शहर असं वाळक्या वेलांचं असावं. वापरून झालं की गुपचूप मातीत जावं, कोणाला नोटीस काढायची वेळ येऊ नये. रविवारचे तीन तास मी या नगररचनेत घालवले. उठलो तेव्हा घोसाळी सव्वीस उरली होती.

बुधवारपर्यंत नऊ राहिली. गुरुवारी सकाळी ओव्हरसियर जिन्यात भेटले, तेव्हा त्यांच्या अंगाला एक वेगळीच झळाळी होती.

“तुमचा प्रयोग उत्तम आहे,” ते म्हणाले. “पाठ काय निघते हो! तीस वर्षांत माझी पाठ एवढी साफ झाली नव्हती.”

सगळी इमारत माझ्या संशोधनाने अंग घासत होती. मी गच्चीच्या दारावर ‘वैज्ञानिक साहित्य, अंगाला लावू नये’ अशी पाटी लावली. त्याने मागणी वाढली.

उरलेल्या घोसाळ्यांवर काथ्याचा थर द्यायचं मी ठरवलं. काथ्यातून पाणी ओतलं तर खाली भांड्यात पडलं ते चांगलं लालसर. ओव्हरसियरांनी भांड्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, “रंग बेताचा आलाय. अजून दोन मिनिटं उकळू द्या.” काथ्याचा तो रंग जाईपर्यंत मला त्याला सात वेळा धुवावं लागलं, आणि आठवडाभर आमच्या मोरीतून वाहिलेलं पाणी पाहून येणारे-जाणारे आमच्याकडे चहा फार होतो असं समजत होते. मग कोळशाचा थर दिला. आता पाणी काळं. कोळसाही धुतला. धुता धुता मी स्वतः काळा झालो आणि बाईंच्या शाळेत गेलो तर पहिल्या रांगेतल्या तिघांनी भोकाड पसरलं.

शेवग्याच्या बियांचं मात्र जमलं. वाळक्या बिया कुटायच्या, ती पूड गढूळ पाण्यात ढवळायची आणि बसायचं. फक्त बसायचं. हे काम माझ्यासाठीच निर्माण झालं असावं. अर्ध्या-पाऊण तासात पाण्यातल्या मातीचे पुंजके व्हायला लागतात, ते हळूहळू घरंगळत खाली जातात आणि वरचं पाणी असं काही मोकळं होतं की आपल्यालाही कुठेतरी हलकं वाटतं. शनिवारी दुपारी शाळेच्या पिंपात हा प्रयोग यशस्वी करून मी आनंदाच्या भरात पिंप तसंच सोडून घरी आलो.

वरचं पाणी लगेच ओतून घ्यायचं असतं, बियांच्या गाळावर ठेवायचं नसतं, हे मासिकाच्या उरलेल्या अडीच पानांत असणार.

सोमवारी सकाळी गल्लीत जी दुर्गंधी सुटली तिचं वर्णन मी करत नाही. माझी एक प्रतिष्ठा आहे. ओव्हरसियरांनी ताबडतोब गटार विभागाला फोन केला. दोन माणसं लांब काठ्या घेऊन आली, त्यांनी रस्त्यावरची तीन झाकणं उघडली आणि तास-दीड तास प्रामाणिकपणे आत बघितलं. “गटार एकदम छान आहे,” त्यांच्यातला मोठा म्हणाला. “वास गटाराच्या वरच्या दर्जाचा आहे.” मग तो नाक वर करून चालत चालत शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी झाकणांकडे बघत राहिलो.

पण एवढ्या सगळ्यातून पन्नासाव्या दिवशी गाळण तयार झालं. घोसाळ्याचं जाळं, त्यात धुतलेला काथ्या, मध्ये सुती कापडाच्या पुरचुंडीत कोळशाचा चुरा, पुन्हा जाळं, सगळं सुती दोऱ्याने शिवलेलं. बियांनी निवळलेलं पाणी त्याच्यावर ओतायचं. शाळेत मुलं झोपली होती, चौतीस चिमुकले श्वास ऐकू येत होते, आणि त्यांच्यात एक आवाज आमचा होता, टप... टप... टप. मी आणि बाई जमिनीवर बसून तो ऐकत होतो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. पेला भरला तसा बाईंनी तो उचलून खिडकीसमोर धरला. पेल्यातून समोरची गच्ची दिसत होती, गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक बाई दिसत होती, तिच्या हातातला चिमटासुद्धा दिसत होता.

“दिसतंय हो,” बाई हळूच म्हणाल्या.

मला त्या क्षणी फार सुख झालं. लग्नानंतर एवढं झालं नव्हतं, पण हे मी त्यांना बोललो नाही.

आता उरलं प्रमाणपत्र. त्यासाठी शहराबाहेर एक चाचणी केंद्र आहे. तिथे दोन चाचण्या होतात. एका गाळणातून पाणी गाळून ते तपासतात. दुसरं गाळण केंद्राच्या आवारात मातीत पुरतात आणि चाळीस दिवसांनी उकरतात. ते कुजलेलं असलं पाहिजे. मी अर्ज घेऊन खिडकीशी उभा राहिलो. खिडकीत एक कारकून होता. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि चेहरा असा की त्यावर आधीच ‘नामंजूर’ लिहिलेलं.

“नमुने मूळ स्थितीत परत न्यावे लागतील,” तो म्हणाला. “नियम नऊ.”

“पण एक नमुना कुजवायचा आहे ना?”

“हो. नियम चौदा.”

“मग कुजलेला नमुना मूळ स्थितीत परत कसा न्यायचा?”

“ते अर्जदाराने बघावं.”

दुसरा कोणी असता तर भांडला असता. पण मी याच धंद्यातला. नियम नऊ आणि नियम चौदा एकाच पुस्तकात पाच पानांच्या अंतराने सुखाने नांदतायत, त्यांची कधी गाठच पडली नव्हती, आणि ती माझ्यामुळे पडली, याचा मला थोडा अभिमानच वाटला. कारकुनालाही वाटला असावा, कारण त्याने मला बसायला खुर्ची दिली. आम्ही दोघांनी मिळून तासभर मार्ग शोधला. शेवटी केंद्राच्या प्रमुख मॅडमनी सांगितलं की नमुना परत नको असं लेखी द्या. मी कोऱ्या कागदावर लिहिलं, ‘मी माझा नमुना राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, मातीच्या स्वाधीन करीत आहे.’ कारकून तो कागद दोनदा वाचून गंभीर झाला.

पाण्याची चाचणी आठवड्यात पास झाली. बाईंनी शाळेत त्या दिवशी मुलांना जादा खेळू दिलं. पुरण्याचा नमुना मी मोठ्या थाटात माळीदादांच्या हवाली केला. केंद्राच्या आवारात ते पुरण्या-उकरण्याचं काम बघतात. हाडकुळे, कमी बोलणारे, आणि मातीवर असं हळू पाऊल टाकणारे की जणू खाली कोणी झोपलंय.

चाळीस दिवस मी रोज दुपारी तिरिपीतल्या धुळीकडे बघत माझं गाळण आत कसं विरघळत असेल त्याचं चित्र रंगवत होतो. चाळीसाव्या दिवशी मी आणि बाई केंद्रावर गेलो. कारकून वही घेऊन आला, मॅडम आल्या. माळीदादांनी दोन फूट उकरलं, हात घातला आणि गाळण बाहेर काढलं.

गाळण ठणठणीत होतं. पुरताना होतं त्यापेक्षा तजेलदार. चाळीस दिवस थंड हवेच्या ठिकाणी राहून आल्यासारखं दिसत होतं. एक धागा उसवलेला नाही, एक डाग नाही, किड्यामुंगीने तोंड म्हणून लावलेलं नाही.

माळीदादांनी ते नाकाशी नेलं. “वास येतोय,” ते म्हणाले. “कपाटाचा.”

मॅडमनी वास घेतला. कारकुनाने घेतला. बाईंनी घेतला, आणि त्या ताठ झाल्या. गाळणाकडे न बघता त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग मलाही तो वास आला. एकतीस वर्षांत मला तो कधी आला नव्हता, कारण तो माझाच होता. डांबरगोळ्यांचा!

काय झालं ते मला तिथल्या तिथे उमगलं आणि पायाखालची माती सरकली. पाण्याच्या चाचणीला मी शाळेतलं साधं गाळण दिलं होतं. पण पुरण्याचा नमुना चार लोकांसमोर उकरला जाणार, तो नीटनेटका दिसावा म्हणून मी तो ऑफिसात नेऊन नव्याने बनवला. शिवण बळकट व्हावी म्हणून तिला खळ लावली. आमच्या खळीत मोरचूद घालतात, म्हणजे जुन्या बांधणीला कसर लागत नाही, बुरशी येत नाही. हात आपोआप त्या बाटलीकडे गेला असणार. मग पाच दिवस तो नमुना मी खोक्यात ठेवला, आणि खोक्यात काय टाकायचं हे मला कोणी सांगावं लागत नाही. मी माझ्या हाताने, प्रेमाने, माझ्या गाळणाला अमर करून मातीत पुरलं होतं.

मी सगळं कबूल केलं. कारकुनाने लिहिलं, ‘नमुना नापास. कारण : अर्जदाराची काळजी.’

घरी जाताना बाई माझ्या चार पावलं पुढे चालत होत्या. मध्येच थांबल्या. “मोरचूद,” त्या म्हणाल्या. “विष असतं ना ते? माझ्या मुलांच्या पाण्यात?”

“अगं नाही! शप्पथ! शाळेतल्या गाळणाला फक्त दोरा आहे. हे पुरण्यापुरतंच होतं.”

“पुरायच्या वस्तूला नटवतं कोण?”

त्यांनी तरीही शाळेचं पिंप तीन वेळा घासलं. दोन दिवस आमच्या घरात भांड्यांखेरीज कोणी बोललं नाही. ओव्हरसियर सांत्वनाला आले आणि म्हणाले की नापास झालं तरी माझ्या कामाचा टिकाऊपणा वादातीत आहे. मी त्यांना चहा दिला नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “किती दिवस उरले?”

“सेहेचाळीस.”

“पुरायला चाळीस.”

“हो.”

“मग रविवारी शिवू. आणि तुम्ही हात लावायचा नाही.”

त्या रविवारची दुपार मी विसरणार नाही. बाई शाळेच्या उंबऱ्यात बसून गाळण शिवत होत्या. मी साबणाने तीनदा हात धुऊन समोर बसलो होतो, हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखा. मला फक्त दोरा ओवून द्यायची परवानगी होती, आणि तीही बाईंनी माझी बोटं हुंगून दिली. बाहेर गल्ली पेंगुळलेली. वेलाची सावली भिंतीवर हलत होती, सुई आत जात होती, बाहेर येत होती. टाके वेडेवाकडे होते. मला राहवेना.

“जरा खळ लावली असती तर—”

“अहो!”

“बिनमोरचुदाची म्हणतोय.”

“काही धरून ठेवायचं नाहीये,” बाई दोरा दाताने तोडत म्हणाल्या. “महिनाभर टिकलं की पुरे. मुलं तरी माझ्याकडे कुठे जन्मभर राहतात? दोन वर्षांत जातात मोठ्या शाळेत. रस्त्यात भेटली तर ओळखतही नाहीत.” हे बोलताना त्या हसत होत्या. मला मात्र एकदम भरून आलं, आणि मी सुईत दोरा ओवायचं निमित्त करून मान खाली घातली.

सोमवारी नमुना पुरला. तो केंद्रावर बाईंनीच नेला. मला बसमध्ये वेगळ्या बाकावर बसवलं होतं. नंतरचे चाळीस दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ज्यांच्याशी जन्मभर लढलो त्यांनाच मी मनातल्या मनात विनवत होतो. ये बाई बुरशी, तुला काय हवं ते खा. वाळवीला तर मी रोज दुपारी झरोक्याखाली बसून पत्ताच सांगायचो, फाटकातून आत, डावीकडे, तिसरा वाफा. एकदा एका रजिस्टरवर कसर फिरताना दिसली आणि मी तिला मारलं नाही. नुसतं म्हटलं, इथे काय करतेस, तिकडे जा ना. चार वेळा मी कुंपणापाशी जाऊन माळीदादांना विचारलं, “झालं असेल का हो?” चौथ्या वेळी ते म्हणाले, “साहेब, ती माती आहे. तिला घाई केलेली चालत नाही.”

शेवटी उकरायचा दिवस आला. नोटिशीला एक दिवस उरला होता. शाळेत आयांनी मुलं सोडताना बाईंना काही विचारलं नव्हतं, फक्त जरा जास्त वेळ दारात उभ्या राहिल्या होत्या. एकीने दुसऱ्या शाळेच्या बसचा नंबर हातावर लिहून आणलेला मी बघितला.

माळीदादांनी दोन फूट उकरलं. हात घातला. काही नाही. आणखी अर्धा फूट. काही नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी माती बाजूला करायला लागले. सगळ्या वाफ्याची माती पिवळट होती, पण हाताखाली एक मऊ, काळा पट्टा लागला, ओलसर, भुसभुशीत. त्यात घोसाळं नव्हतं, काथ्या नव्हता, एक टाकासुद्धा नव्हता. फक्त कोळशाचे चार बारीक कण.

“नमुना कुठाय?” कारकुनाने विचारलं.

“हाच,” मी म्हणालो.

“ही माती आहे.”

“हो ना! झाली!”

“पण अवशेष पाहिजेत. थोडा कुजलेला, थोडा शिल्लक, असं काहीतरी. काहीच नाही म्हणजे तो इथे होता कशावरून? कोणी काढून नेला असेल. किंवा पुरलाच नसेल.”

माणूस बरोबर बोलत होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. बाई खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती.

“थांबा,” माळीदादा म्हणाले. त्यांनी काळ्या मातीत दोन बोटं घालून काहीतरी हळूच ओढलं. तारेचं एक वेटोळं होतं. केंद्रावर प्रत्येक नमुन्याला नंबराचा एक पितळी बिल्ला तारेने आवळून बांधतात. बिल्ला तसाच होता, एकशे सतरा. तार तशीच गोल होती, बाईंच्या मनगटाएवढी, गाठ न सुटलेली. आणि तिने जे आवळून धरलं होतं तिथे नुसती माती होती, ती माळीदादांच्या बोटांमधून झरझर खाली पडली.

मॅडमनी बिल्ला हातात घेतला, वहीतला नंबर बघितला, तारेची गाठ बघितली. “पास,” त्या म्हणाल्या. “आजच कागद द्या यांना. शाळा चालू राहू दे.”

कारकुनाने पेन कानावरून काढलं आणि थांबला. “मॅडम, शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू? अशी केस कधी आली नाही.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला. आमच्या तळघरात दोन शब्द आहेत, ज्यांना मी मरणाएवढा भितो. एखादा कागद सगळीकडे शोधला, कपाटं हलवली, पोटमाळे झाडले आणि मिळाला नाही, की ते लिहावे लागतात, खाली सही करावी लागते, आणि मग माणूस वर मान करून चालू शकत नाही. एकतीस वर्षांत ते लिहायची वेळ मी माझ्यावर येऊ दिली नव्हती.

“लिहा,” मी मोठ्याने म्हणालो. “नमुना आढळला नाही.”

कारकुनाने लिहिलं. बाईंनी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. त्याने वाचलं, आणि मग नोटीस आल्यापासून जे पाच महिने आवरून धरलं होतं ते सगळं बाईंच्या डोळ्यांतून एकदम आलं. त्या तशाच रडत रडत खड्ड्यावर वाकल्या आणि त्या काळ्या मातीला, शाळेत चार वर्षांच्या मुलाने पहिला धडा नीट म्हटला की जशा म्हणतात तशाच आवाजात म्हणाल्या, “शाब्बास!”

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पण खड्ड्यात उत्तर द्यायला कोणी नव्हतं. तेव्हा मी हात मागे बांधून, सरळ उभा राहून म्हणालो, “थँक्यू, बाई.”